मरियामाच्या दारी

मोटार सुटायला आली तरी गोमतीबाईचं समाधान होईना. तिनं लेकीच्या, सोनीच्या हातावर गुंडाळलेली ओढणी सोडली आणि पुन्हा घट्ट बांधली.

"याडी, हात आखडून राह्यला माहा," सोनी कुरकुरली.

"आखडू दे. उघडा नको पडू देऊ."

ओढणीखाली रुपयाएवढा पांढुरका डाग होता. पाणवठ्यावर तो एका बाईच्या नजरेला पडला आणि तांड्याला दुसरा विषय उरला नाही. लोकांना काय, चघळायला काहीतरी लागतंच. सोनीची ठरलेली सोयरीक मोडली. शेवटी तांड्याच्या प्रमुखानं, नायक दौलतसिंगानं तिच्या बापाला, हेमसिंगला, बोलावून सुनावलं.

"मिशनच्या बाया हा रोग ओयखतात म्हने. दाखवून आना. रगतपिती निंघाली, तर ज्याले निंघाली त्यानं तिथीच राहावं. तांड्यात पाय ठेवू नये. मंग कोनीबी असो."

पोटच्या पोरीला परक्या गावात सोडून यायचं हेमसिंगाच्यानं होणार नव्हतं. सकाळी तो तिच्याकडे न बघताच बैल घेऊन शेतात निघून गेला. मग गोमतीबाईनंच गाठोडं बांधलं. त्यात भाकरी होती आणि सोनीचे दोन घागरे होते. एका दिवसाच्या फेरीला दोन घागरे कशाला, हे सोनीनं विचारलं नाही आणि गोमतीबाईनं सांगितलं नाही.

स्वराज्य येऊन दहा वर्षं होत आली होती, पण मानोऱ्याहून सुटणारी मोटार काही सुधारली नव्हती. ती कण्हत-कुंथत गावाबाहेर पडली. सोनी पहिल्यांदाच मोटारीत बसली होती. मागे पळणारी झाडं बघून ती खुदखुदत होती, आणि गोमतीबाई तिच्या हातावरची ओढणी सारखी करत होती.

तिचे स्वतःचे हात मनगटापासून खांद्यापर्यंत पांढऱ्या चुड्यांनी भरलेले होते. लग्नात चढवलेले चुडे नवरा आहे तोवर उतरत नाहीत. सोनी कुवार, म्हणून तिचे हात उघडे. गेल्या उन्हाळ्यात हिचं लग्न उरकून टाकलं असतं, तर तो मेला डाग चुड्यांखाली झाकला गेला असता. कुणाला कळलंही नसतं, पोरगी आपल्या घरी सुखानं नांदली असती. असं काहीबाही मनात येई आणि गोमतीबाई खिडकीकडे तोंड फिरवी.

मधल्या फाट्यावर मोटार थांबली. सोनीला चहाचा पितळी पेला धरवेना.

"लय चटके बसतात वं."

"आन इकडं."

गोमतीबाईनं पेला मुठीत धरला आणि लेकीला घोट घोट चहा पाजला, लहानपणी पाजायची तसा. आजच्यानंतर हिला कोण पाजणार होतं?

दुपारी टेकडी आली. वर पांढरं, उंच देऊळ होतं, दारावर एका बाईची मूर्ती. मोटारीतून उतरलेली माणसं मरियममाउलीचं नाव घेत पायऱ्या चढू लागली. गोमतीबाई जागच्या जागी थबकली.

मरियामा! तांड्यात जिच्यापुढे बोकड पडतो, ती आपली मरियामा इथं? निळी ओढणी पांघरून, कडेवर लेकरू घेऊन? असेल बाई. देवीला कोण अडवणार, जाईल तिथं तिचं घर. किरिस्तावांच्या देवळात शिरायची इतका वेळ वाटणारी भीती पार गेली. माहेरच्या माणसाच्या दारात आल्यासारखं तिला वाटलं.

इतर बायांसारखी तिनंही मेणबत्ती पेटवून हातात धरली.

"मरियामा, बोकड नाई आनता आला. रागावू नको. पोरीवरचं हे उतरव. ठेवाले जागा नसन, तर माह्या अंगावर ठेव."

मेण बोटांवर ओघळत होतं. "बाई, हात पोळेल ना," शेजारची म्हणाली. गोमतीबाईनं तिकडे लक्ष दिलं नाही. काळजाला आग लागलेली असताना बोटांकडे कोण बघतं?

देवळामागे मिशनचा दवाखाना होता. पांढऱ्या झग्यातल्या म्हाताऱ्या सिस्टरनं सोनीची ओढणी सोडली आणि तिला डोळे मिटायला लावले. मग टाचणी घेतली.

"टोचलं की हो म्हण."

डागाच्या बाजूला टोचलं. "हो," सोनी म्हणाली.

डागावर टोचलं.

"हो! याडी वं, दुखते ना!"

तिसऱ्यांदा तर सोनीनं हातच ओढून घेतला. सिस्टर हसली.

"नुसती शिबं आहेत ही. मलम देते, जातील. महारोग असता तर डागाला टाचणी कळलीच नसती."

गाठोडं उराशी धरून गोमतीबाई ओक्साबोक्शी रडली आणि रडता रडताच सिस्टरच्या पाया पडली.

"ऊठ बाई. आता तुझा हात बघू. सोबतच्या माणसालाही तपासतो आम्ही."

"मले काय धाड भरली?" गोमतीबाई डोळे पुसत हसली. पण आज सिस्टरनं विहिरीत उडी मार म्हटलं असतं, तरी तिनं मारली असती. तिनं हात पुढे केला आणि सोनीसारखेच डोळे घट्ट मिटले.

"टोचलं की हो म्हण," सिस्टरनं तिलाही सांगितलं.

चुडे वर सरकल्याचा आवाज झाला. मग ती टोचण्याची वाट बघत बसली.

गोमतीबाईला मिटल्या डोळ्यांसमोर तांडा दिसत होता. संध्याकाळच्या मोटारीनं परत जायचं. हेमसिंग सडकेवर येऊन उभा असेल. सोनीला आधी उतरू द्यायचं, बापाला तिलाच आधी बघू द्यायचं. दौलतसिंगाला सगळ्या तांड्यासमोर सांगायचं. मोडलेली सोयरीक जुळेल, नाही तर त्याहून चांगली मिळेल. सिस्टरचं अजून सुरूच होत नव्हतं. म्हातारं माणूस, टाचणी कुठंतरी ठेवली असेल आणि शोधत असेल.

"याडी," सोनीचा आवाज आला, अगदी बारीक. "याडी, रगत निंघून राह्यलं."

गोमतीबाईनं डोळे मिटलेलेच ठेवले.

"कोनाचं वं?" तिनं हसत विचारलं.