कामावर जायचे कपडे

"आधी बसा, मग पाय घाला," रॉल्फ म्हणाला. "उभ्यानं चढवायला गेलात तर आपटाल. तेही मोटारसायकलवर न बसताच."

मार्लिस बाकावर बसली. शनिवार असूनही ती कोर्टातल्या नोकरीच्या कपड्यांत आली होती. इस्त्रीची पँट, निळा कोट. मोटारसायकलचा सूट या कपड्यांवरूनच चढला पाहिजे आणि उतरला पाहिजे, अशी तिची अट होती. एकसष्टाव्या वर्षी कचेरीच्या बाथरूममध्ये कपडे बदलत बसायची तिची तयारी नव्हती.

अमेरिकेतल्या डुलुथ शहरात, एका जुन्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर रॉल्फचं हे दुकान होतं. सूट तिथंच शिवत. पलीकडच्या खोलीत यंत्रांची घरघर चालू होती. खिडकीपाशी मार्लिसची लेक, ब्रिटा, गाडीच्या किल्ल्या हातात घेऊन उभी होती. निघायची घाई असल्यासारखी.

"आई, तुझ्याकडे चांगली गाडी आहे. तिला छप्पर आहे, हीटर आहे."

"हिवाळ्यात काढीन की."

"आणि आता काय बिघडलंय तिचं?"

"काही नाही. पण सत्तावीस मैल सरोवराच्या काठानं जायचं, ब्रिटा. मोटारसायकलवरून गेलं की कामावर पोहोचेपर्यंत दिवसातलं सगळ्यात चांगलं होऊन गेलेलं असतं. मग खुशाल लोकांचे घटस्फोट फाइलला लावत बसावं."

करडा सूट अंगावर चढला. मार्लिस आरशासमोर उभी राहिली. खांदे फुगलेले, बाह्या बोटांवर आलेल्या.

"हे कुणाचं माप आहे हो?"

"तुमचंच. पण बसल्याचं." रॉल्फनं कोपऱ्यातल्या लाकडी घोड्याकडे बोट दाखवलं. त्याला मोटारसायकलचं खरंखुरं हँडल लावलेलं होतं. मार्लिस त्यावर बसली, हात पुढे केले, आणि बाह्या बरोबर मनगटावर येऊन थांबल्या. तिला हसू आलं.

ब्रिटा जवळ आली. तिनं आईचं कोपर दाबून पाहिलं, मग खांदा, मग गुडघा. प्रत्येक ठिकाणी आतलं जाड पॅड बोटाला लागत होतं. इमर्जन्सी वॉर्डात अकरा वर्षं नर्स होती ती. कुठं दाबायचं ते तिला माहीत होतं.

"आणि पोट? मान?"

"तिथं काही नाही," रॉल्फ म्हणाला. "खोटं कशाला सांगू?"

"आमच्याकडे अपघातातलं माणूस आणलं ना, की सगळ्यात आधी कपडे कापतात. मीच कापते. हे कापड माझ्या कात्रीला दाद देणार आहे का?"

मार्लिसचं हसू मावळलं. तिनं हँडलवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

रॉल्फ म्हणाला, "कापू नका. सूटची गळ्यापासची चेन खाली ओढा."

ब्रिटानं ओढली. चेन गळ्यापासून तिरपी खाली घोट्यापर्यंत सरसर गेली आणि सूट पुस्तकासारखा उघडला. आत निळा कोट होता तसा, एक सुरकुतीही नाही.

"तीन सेकंद," ब्रिटा स्वतःशीच म्हणाली. पण तिच्या कपाळावरची आठी गेली नाही.

तेवढ्यात जिन्यावरून एक उंच, सडपातळ माणूस आला. शाळेत विज्ञान शिकवणारे ओडेगार्ड सर. दुरुस्तीला टाकलेला सूट न्यायला आले होते. रॉल्फनं तो काउंटरवर पसरला. कोपराला आणि कमरेला नवं कापड लावलं होतं. शेजारी त्यानं काढून टाकलेले जुने तुकडे ठेवले. "हे हवेत का तुम्हाला?"

ब्रिटानं त्यातला एक तुकडा उचलला. किसणीवर घासावा तसा तो झिजला होता, नुसती दोऱ्यांची जाळी उरली होती.

"हे कशानं झालं?"

"हरीण आडवं आलं. म्हणजे आडवा झालो मी, हरीण गेलं निघून."

"कोपर दाखवा."

तिच्या आवाजात असं काही होतं की सरांनी मुकाट्यानं शर्टाची बाही वर सारली. ब्रिटानं त्यांचा हात वाकवला, फिरवला, कातडीवरून अंगठा नेला. व्रण नव्हता. साधा ओरखडासुद्धा नव्हता.

"कुठल्या दवाखान्यात गेला होतात?"

"दवाखान्यात?" सर गोंधळले. "नाही हो. शाळेत गेलो. पहिल्या तासाला चाचणी होती. मी येत नाही म्हणून पोरं खुशीत होती. मला दारात पाहिलं आणि तोंडं उतरली बिचाऱ्यांची." मग त्यांनी प्रामाणिकपणे जोडलं, "कंबर मात्र तीन आठवडे काळीनिळी होती."

ब्रिटानं त्यांचा हात सोडला नव्हता. "असं पडून सरळ कामावर जाणारे तुम्ही लोक आमच्याकडे येतच नाही," ती हळूच म्हणाली.

सरांनी सूट खांद्यावर टाकला, मार्लिसला मान लववली आणि ते जिना उतरून गेले.

"कमरेला पॅड लावा," ब्रिटानं रॉल्फला सांगितलं. "दोन्ही बाजूंना. पाठीलाही. आणि हा करडा नको. लांबून दिसेल असा रंग काढा."

रॉल्फनं झगझगीत पिवळा काढला.

"अगं, यात मी रस्ता दुरुस्त करणारी दिसेन," मार्लिस म्हणाली.

"दिस."

मार्लिसनं मुकाट्यानं पाय घातले, बाह्या घातल्या. चेनचं टोक घोट्यापाशी होतं, आणि वाकलं की नवं कापड गुडघ्यात अडत होतं. ब्रिटानं किल्ल्या बाकावर ठेवल्या आणि ती आईच्या पायाशी गुडघ्यांवर बसली. टोक जुळवलं, चेन सावकाश वर आणली. मांडी, पोट, छाती. गळ्यापाशी कातडी अडकू नये म्हणून तिनं मध्ये आपलं बोट धरलं.

"हनुवटी वर कर," ती म्हणाली.

मार्लिसनं हनुवटी वर केली, आणि छताकडे बघत ती शहाण्या मुलीसारखी उभी राहिली.