हात धुतलेलं पाणी

जेवणाआधी मी नळाखाली हात धुतले आणि पाणी सरळ मोरीत जाऊ दिलं.

"अहो, घंगाळ!" बायको ओरडतच आली.

सोनाराच्या घरात हात धुतलेलं पाणी असं सोडत नाहीत. नखांतून, रेघांतून सोन्याचा कीस त्यात उतरतो. बेचाळीस वर्षं ती ते पाणी कोपऱ्यात झाकून ठेवत आली. गाळ तळाशी बसला की झारेकरी तो घेऊन जायचा आणि त्यातलं सोनं वेगळं काढायचा.

"ऐरण, फुंकणी, सगळं कालच पुतण्याला दिलं ना?" मी वैतागलो. "साखळीची कडी दिसेना, पाठ धरते, म्हणून काम सोडलं एकदाचं. आता या हातांना काय लागलंय?"

माझ्यापुढे घंगाळ सरकवून ती तांब्यातून पाणी ओतू लागली. वाद घालायचाही कंटाळा आला होता. मी पुन्हा हात धुतले. घंगाळाचा तळ लख्ख दिसत होता.

"बघितलंस? दे आता ओतून."

तिनं ते उचलून नेहमीच्या कोपऱ्यात ठेवलं, वर ताट झाकलं. मग दमून माझ्याशेजारी टेकली.

"आधी गाळ तर बसू द्या," ती म्हणाली.