जादा वजन

दोन दिवसांच्या डोंगरभटकंतीला पिशवी पाच किलोच्या वर गेली तर घरीच बसायचं, असं लेकीने आईला बजावलेलं. लेक गटाची म्होरकी. तिच्यापुढे आईचंही चालत नाही. पण आमची हीसुद्धा चाळीस वर्षं शिवणकाम केलेली बाई. पिशवी काट्याला अडकवली, साडेपाच भरली. हिने कात्री घेतली आणि अस्तर, जादा पट्टे, कपड्यांवरची लेबलं उसवून टाकली. टॉवेलचा रुमाल झाला. टूथब्रशची दांडी निम्मी उडाली. तरी दोनशे ग्रॅम जास्तच! तळाशी सापडला माझा स्टीलचा टॉर्च, मीच गुपचूप सरकवलेला. तो तिने माझ्या मांडीवर ठेवला. काटा पाचावर टेकला. “अगं, अंधारात धडपडशील.” “लेकीकडे आहे.” “गुडघे दुखले तर?” “बसेन.” शेवटी मी म्हटलं, “मग मीच येतो सोबतीला.” पिशवी पाठीवर चढवत ही म्हणाली, “अहो, सगळ्यात आधी तुम्हालाच तर काढलं.”