पिवळी चौकट

"आधी केक, मग बाकीचं," म्हणत थॅडियस पेटवे ज्युनिअरने डबा डॉक्टर इमानी लॉकेटच्या टेबलावर ठेवला. आईच्या पद्धतीचा पाउंड केक त्याने सकाळी स्वतः भाजला होता.

त्याच्यामागून वडील आत आले. तेही थॅडियस पेटवे, फक्त सीनिअर. बर्मिंगहॅमच्या त्या वस्तीत थोरल्याला बापाचंच नाव द्यायची रीत, त्यामुळे कुणी हाक मारली की दोघेही वळायचे.

"तुम्ही बोला, मी जरा जाऊन आलो," म्हणत सीनिअर आल्या पावली स्वच्छतागृहाकडे वळले.

"वाटेत पेट्रोलपंपावरही थांबलो," ज्युनिअर हसला. "म्हातारा कॉफी पितो की तिनं अंघोळ करतो, देव जाणे."

मग त्याचा आवाज जड झाला. "डॉक्टर, कालचा रिपोर्ट एकदम स्वच्छ आहे. ऑपरेशननंतर कॅन्सरचं काही उरलेलं नाही. मी गुडघा दाखवायला आलो होतो हो! तुम्ही प्रोस्टेटचा विषय काढलात, तपासणीचे फायदे-तोटे सांगितलेत आणि निर्णय माझ्यावर सोडलात. नाहीतर माझ्या पोरी बापाविना वाढल्या असत्या. तुमचे उपकार कसे फेडू?"

डॉक्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते लपवलं नाही.

"कौतुक माझं एकटीचं नाही," ती म्हणाली. "फाइल उघडली की कॉम्प्युटर पिवळी चौकट दाखवतो, या माणसाशी प्रोस्टेटबद्दल बोला म्हणून. बोलून झालं की मी खूण करते आणि चौकट जाते."

"मग त्या चौकटीला भरवा केक!" सीनिअर दारातूनच म्हणाले. "माणसं ओळखतं हो तुमचं यंत्र. हा लहानपणापासून नाजूक, म्हणून याला विचारलं. मी आयुष्यभर भट्टीपुढे लोखंड ओतलं, सदुसष्टाचा झालो. उन्हाळ्यात ब्लडप्रेशरसाठी आलो होतो, तर मला विचारायची त्याची काय बिशाद!"

"डॅडी, पुरे."

"का? खोटं आहे का?"

तिघेही हसले. डॉक्टरने केकचा तुकडा तोडून तोंडात टाकला आणि छान झालाय म्हणाली.

"रविवारी चर्चमध्ये पुरुषांपुढे बोलायचंय मला," ज्युनिअर म्हणाला. "आपले लोक या विषयाचं नाव काढलं की लगेच फुटबॉलवर घसरतात. ती चौकट दाखवा ना, फोटो काढून नेतो."

डॉक्टरने हौसेने त्याची फाइल उघडली. गुडघा होता, रक्ताची तपासणी होती, ऑपरेशनही होतं. चौकटीचा मात्र कुठेच पत्ता नव्हता, आणि तिने केलेल्या खुणेचाही नाही. तिने वर-खाली पुन्हा पाहिलं. मग तिची नजर वयावर गेली. ज्युनिअर बेचाळीसचा होता, आणि चौकट पन्नाशीच्या आत कुणालाच येत नाही.

तिने फक्त 'थॅडियस पेटवे' असं नाव टाकलं. पडद्यावर दोन ओळी आल्या. तिने वरची उघडली आणि तिचा चेहरा उतरला.

"डॉक्टर, काही राहिलंय का माझ्यात?" ज्युनिअर घाबरून उठला.

"नाही, तुम्ही बरे आहात." तिने खुर्ची सीनिअरकडे वळवली. "हे गुडघा दाखवायला आले, त्या दिवशी मी चुकून तुमची फाइल उघडली होती. रक्त घेताना जन्मतारीख विचारतात, तिथे चूक सुधारली गेली आणि गुडघ्याची नोंद, तपासणी यांच्या नावावर गेली. पण बोलणं झाल्याची खूण तुमच्याच फाइलमध्ये राहिली. मिस्टर पेटवे, ती चौकट तुमच्यासाठी आली होती. उन्हाळ्यात यंत्र गप्प बसलं ते त्यामुळेच. चूक माझी आहे." तिला पुढचं बोलणं जड गेलं. "रात्री लघवीला बरेचदा उठावं लागतं का तुम्हाला?"

सीनिअरनी मुलाकडे पाहिलं.

"म्हणजे माझ्या वाट्याचा प्रश्न या पोराला विचारला गेला?"

"हो."

"मग देवाची कृपाच म्हणायची, डॉक्टरीणबाई. मला विचारला असता, तर नको म्हणून मी तडक घरी गेलो असतो, आणि याला कुणीच विचारलं नसतं." त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्यांदाच बसले. "आता विचारा मला."