ठिपक्यांचं पान

ठिपक्यांच्या पानात दडलेला आकडा लेकीला काही केल्या दिसेना, तसं आईच्या जिवाचं पाणी पाणी झालं. डॉक्टर म्हणाले, “हिला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. हा दोष आई-बाप दोघांकडून आला, तरच मुलीत उतरतो.” सासूबाई ताडकन उठल्या. “बापाकडून? अहो, माझा मुलगा कारखान्यात रंग जुळवतो! त्याच्यासारखी नजर कुणाची नाही.” मग सुनेकडे वळून म्हणाल्या, “आता तूच सांग, हिचा बाप कोण?” तिने लेकीला जवळ ओढलं. तेवढ्यात नवऱ्याने त्याच पानावर बोट ठेवलं. “आई, मलाही इथे नुसते ठिपके दिसतात. नोकरी जाईल म्हणून आजवर बोललो नाही. रोज रंगाचे नमुने घरी आणून तुझ्या सुनेला विचारायचो, ‘जुळला का गं रंग?’ हिला ते लाड वाटायचे. बारा वर्षं आपण हिच्याच डोळ्यांवर जेवलो.”