चाळिसावा डोळा
दसऱ्याच्या आयुधपूजेला आमच्या फिटर व्यासराजअण्णांनी क्षेपणास्त्राच्या डोळ्याला कुंकू लावलं. शत्रूचं अण्वस्त्र आकाशातच शोधून पाडणारं क्षेपणास्त्र आम्ही बेळगोळच्या कारखान्यात बनवतो. त्याच्या टोकाच्या ज्या काचेतून ते लक्ष्य बघतं तिला सगळे डोळा म्हणतात. हातमोज्याशिवाय तिला शिवायचं नसतं. मी ओरडले तर अण्णा म्हणतात, “अय्यो मॅडम, स्क्रूड्रायव्हरची पूजा करायची आणि खऱ्या आयुधाला तसंच सोडायचं होय?” आणि घाबरून त्यांनी शर्टानंच कुंकू पुसलं. काचेवर चरा उमटला. तपासणीची सही माझी असते. मी साहेबांना सांगितलं, “हा डोळा आंधळा झाला, बाद करते.” साहेब म्हणाले, “ईश्वरी, चाळीस क्षेपणास्त्रं जाहीर झालीत. चाळीसच जाणार.” “आणि खरंच वेळ आली तर? माझी पोरगी याच गावात शाळेत जाते, सर.” “पलीकडचे आपला आकडा मोजतात, काच तपासायला येत नाहीत. आकड्याला घाबरले की झालं.” “नाही घाबरले तर?” “मग तुझी सही बघायला कोण उरणार आहे?” असं म्हणून हसला मेला. मी सही केली. महिन्याभरात साहेबाचंच खरं झालं, पलीकडचे घाबरले. आपल्या चाळिसांना पुरून उरायला त्यांनी ऐंशी नवी अण्वस्त्रं करायला घेतली, एकास दोन. माझ्या आंधळ्या चाळिसाव्यासाठी केलेली ती दोन मात्र खरी असतील.