सूर्यापुरती फट

भिलाईत युद्धाच्या सायरनचा सराव झाल्यापासून देवाजी अंगणातल्या जिन्याखाली विटांची खोली बांधत होते. अणुबॉम्ब पडलाच तर विषारी धुळीपासून वाचायला चौदा दिवस आतच राहायचं. त्यांची हयात पोलाद प्लांटच्या भट्टीत विटा लावण्यात गेलेली. मुंगीलाही फट ठेवली नव्हती. बायको कौसल्या गोंधळली. सूर्याचं दर्शन घेतल्याशिवाय जेवायचं नाही, हे तिचं वीस वर्षांचं व्रत. “अवो, इथून सूर्य कसा दिसन?” “नाही दिसत. उद्यापन करून टाक! देव काय हजेरी घेऊन राह्यला?” ती हळूच म्हणाली, “काविळीत तुमी बेशुद्ध होते, तवा तुमच्याच जिवासाठी धरलं. सोडू कसं?” हे त्यांना आजच कळलं. थापी थांबली. पूर्वेची एक वीट त्यांनी काढली. “सांग, केवढी फट ठेवू?” सूर्य दिसावा, पण देवाजींपर्यंत विष येऊ नये, अशी फट केवढी असते, तिला कळेना.